गृहकर्ज आधी फेडावं की एसआयपी वाढवावी? आधी तो साडेआठ टक्के तपासा

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नवीन वाचणाऱ्यांना मागचं शोधायला नको. वय २८, जुळे सोलापुरात स्वतःच्या घरात आई-वडिलांसोबत राहणं, पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरूनच, पगार वर्षाला १४ लाख. घराचं कर्ज २०२३ मध्ये घेतलेलं, मुद्दल ३० लाख शिल्लक, २० वर्षं बाकी, दर ८.५ टक्के फ्लोटिंग (म्हणजे वेळोवेळी बदलणारा), हप्ता २६,०३५. सगळा खर्च जाऊन महिन्याला २५,००० उरतात. प्रश्न विचारणाऱ्यांनी पायथन या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. तो म्हणतो, २५,००० ची एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा ठरावीक गुंतवणूक) २० वर्षं १२ टक्क्यांनी चालवली तर अडीच कोटी होतात, आणि तेच पैसे कर्जात भरले तर व्याजाचे फक्त साडेतेवीस लाख वाचतात. शिवाय करसवलत धरली तर कर्ज ६.८ टक्क्यांनाच पडतं. वडील, म्हणजे अण्णा, अक्कलकोट रोडला टॉवेलचे माग चालवतात. ते म्हणतात, आधी कर्ज संपव. शेवटी विचारलंय की बजेट, रिझर्व्ह बँकेचं पतधोरण वगैरे वाचायची आवड आहे, त्याचा या हिशेबात काही उपयोग होतो का, आणि हा कॅल्क्युलेटर लोकांसाठी खुला करावा का.

आधीच सांगते, मी सेबीकडे (शेअर बाजाराची नियामक संस्था) नोंदणी असलेली सल्लागार नाही. मी सोलापुरातूनच पतसंस्था आणि नागरी सहकारी बँकांची कर्जखाती सांभाळणारं सॉफ्टवेअर लिहिते. हप्ता, व्याज, दरबदल, मुदतपूर्व भरणा हे माझं रोजचं काम. त्यामुळे कुठला फंड घ्यायचा हे माझ्याकडून मिळणार नाही, पण हिशेब कुठे घसरतो ते दाखवू शकते.

खरा प्रश्न 'कर्ज की एसआयपी' हा नाहीच, असं मला वाटतं. तुमच्या प्रोग्रामच्या पहिल्या काही ओळींत चार-पाच आकडे लिहिलेत: ८.५, १२, २० टक्के कर, २४० महिने. ते तुम्ही अचल म्हणून लिहिलेत. प्रत्यक्षात त्यातला प्रत्येक आकडा कुणीतरी, कुठल्यातरी तारखेला ठरवतो आणि बदलतो. तुमचं पॉलिसीचं वाचन नेमकं इथे कामाला येतं.

सुरुवात ८.५ पासून, कारण मला सगळ्यात जास्त खटकला तो हाच आकडा. रिझर्व्ह बँक ज्या दरानं बँकांना पैसे देते तो रेपो दर २०२३ मध्ये ६.५० टक्के होता. फेब्रुवारी २०२५ पासून रिझर्व्ह बँकेनं तो टप्प्याटप्प्यानं खाली आणला आणि डिसेंबर २०२५ मध्ये ५.२५ वर आला. सव्वा टक्का कमी. मग तुमचा दर तेव्हाही साडेआठ आणि आजही साडेआठ, हे कसं? याची शक्यता तीनच.

पहिली, दर खरोखर कमी झालाय आणि तुमच्या लक्षात आलेलं नाही. ही शक्यता मला सर्वात जास्त वाटते. दर उतरला की बँका सहसा हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. खात्यातून दर महिन्याला तेच २६,०३५ जातात, म्हणून माणसाला वाटतं काहीच बदललं नाही. ३० लाखांवर ८.५ ऐवजी ७.२५ लागत असेल आणि हप्ता तोच असेल, तर २४० ऐवजी सुमारे १९८ हप्त्यांत कर्ज संपतं. साडेतीन वर्षं गेली, आणि कळलंही नाही. मालक, प्रोग्राम राहू दे, आधी कर्जखात्याचा उतारा काढा की!

दुसरी, कर्ज बँकेचं नसून गृहवित्त कंपनीचं किंवा सहकारी बँकेचं असेल. १ ऑक्टोबर २०१९ पासून नवीन फ्लोटिंग गृहकर्जं रेपोसारख्या बाहेरच्या मापदंडाला जोडायची आणि दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्यानं ठरवायचा, हे बंधन व्यापारी बँकांवर आलं. गृहवित्त कंपन्या आणि नागरी सहकारी बँका त्यातून बाहेर राहिल्या. त्या आपला मूळ दर स्वतः ठरवतात. रेपो उतरला म्हणून त्यांचा दर त्याच वेगानं उतरेल असं नाही. अशा वेळी दर बदलून घेण्यासाठी अर्ज करावा लागतो, थोडी फी लागते. नुसता पाऊण टक्का कमी झाला तरी ३० लाखांवर पहिल्याच वर्षी साधारण साडेबावीस हजार वाचतात. कुठल्याही एसआयपीत जोखीम न घेता एवढी कमाई एका अर्जात होत असेल तर तो अर्ज आधी.

तिसरी, पहिली काही वर्षं दर स्थिर आणि मग फ्लोटिंग, असं मिश्र कर्ज असेल. मग मंजुरीपत्रातलं ते कलम वाचा. स्थिर दराच्या काळात मुदतपूर्व भरण्यावर दंड असू शकतो. तुमचं कर्ज खरोखर फ्लोटिंग असेल आणि घर राहण्यासाठी व्यक्तीच्या नावावर असेल, तर दंड लावता येत नाही. शाखेत कुणी काही वेगळं सांगितलं तर लेखी मागा.

दर वर जातो तेव्हा काय होतं तेही एकदा प्रोग्राममध्ये चालवून बघा, कारण साडेआठ हा आकडा खालीच जाईल असं काही नाही. मे २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर आला होता. मे २०२२ पासून फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ६.५० वर गेला. नऊ-दहा महिन्यांत अडीच टक्के. समजा कुणी ७ टक्क्यांनी ३० लाख, २० वर्षांसाठी घेतले होते. हप्ता २३,२५९. दर ९.५० झाला आणि हप्ता बदलला नाही, तर ३० लाखांचं एका महिन्याचं व्याज २३,७५० होतं. म्हणजे हप्त्यातून व्याजही सुटत नाही, मुद्दल फिटणं दूरच. तुमच्या प्रोग्राममध्ये 'शिल्लक शून्यापेक्षा जास्त आहे तोवर फिरत राहा' असा लूप असणार. या आकड्यांवर तो लूप कधीच थांबणार नाही. शिल्लक दर फेरीला वाढतच जाईल. कर्जाच्या सॉफ्टवेअरमध्ये ही चाचणी आम्ही सगळ्यात आधी लिहितो: हप्ता महिन्याच्या व्याजापेक्षा कमी पडतोय का? पडत असेल तर थांब आणि माणसाला सांग. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परिपत्रक काढून दरबदलाच्या वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की स्थिर दराकडे जायचं, हा पर्याय कर्जदाराला द्यायला सांगितलं, ते याच अनुभवानंतर.

आता करसवलतीचा ६.८. इथे तुम्ही ८.५ मधून २० टक्के वजा केलेत. २०२५-२६ या आर्थिक वर्षाचे आकडे घेऊन बघू. नव्या कर प्रणालीत १४ लाखांतून ७५,००० ची प्रमाणित वजावट गेली की १३,२५,००० राहतात. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ४ वर ५ टक्के म्हणजे २०,०००, त्यापुढच्या ४ वर १० टक्के म्हणजे ४०,०००, आणि उरलेल्या सव्वा लाखावर १५ टक्के म्हणजे १८,७५०. बेरीज ७८,७५०, त्यावर ४ टक्के उपकर, एकूण ८१,९००. जुन्या प्रणालीत प्रमाणित वजावट ५०,०००, ८०सी चे (पीएफ, विमा अशा बचतीचे) दीड लाख, गृहकर्जाच्या व्याजाचे २ लाख, तुमच्या आणि आई-अण्णांच्या आरोग्य विम्याचे मिळून अगदी ७५,००० धरले, तरी करपात्र उत्पन्न ९,२५,००० राहतं आणि कर १,०१,४००. घर स्वतःचं म्हणून घरभाड्याची वजावट नाही. तुमच्या पगाराला जुनी प्रणाली परवडायला एकूण वजावटी सुमारे ५ लाख ६९ हजारांपर्यंत जायला हव्यात. तुमच्या पावणेपाच लाखच होतात.

म्हणजे तुम्ही नव्या प्रणालीतच राहणार. आणि नव्या प्रणालीत स्वतः राहत्या घराच्या कर्जाच्या व्याजावर वजावट मिळत नाही. तेव्हा कर्ज तुम्हाला ६.८ ला पडत नाही, पूर्ण ८.५ ला पडतं (किंवा उताऱ्यात जो दर निघेल त्याला). जुन्या प्रणालीतसुद्धा तुमचा हिशेब पुरता बरोबर नव्हता, कारण पहिल्या वर्षाचं व्याज अडीच लाखांहून जास्त आहे आणि वजावट २ लाखांवर थांबते. पगाराच्या पुढच्या चर्चेत कंपनीला एनपीएसमधलं (राष्ट्रीय पेन्शन योजना) नियोक्त्याचं योगदान विचारा, ते नव्या प्रणालीतही मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत वजा होतं. मात्र तो पैसा अडकून राहतो, हे लक्षात घेऊन.

यानंतर येतं अडीच कोटी विरुद्ध साडेतेवीस लाख. ही तुलनाच चुकली आहे, आणि असे कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या बऱ्याच जणांची इथेच चुकते. २५,००० दरमहा जादा भरले तर कर्ज साधारण ७६ महिन्यांत, सव्वासहा-साडेसहा वर्षांत संपतं. मग पुढच्या पावणेचौदा वर्षांचं काय? तुमचा प्रोग्राम तिथे थांबला. खरं तर त्यानंतर हप्त्याचे २६,०३५ आणि वरचे २५,००० असे ५१,०३५ दरमहा मोकळे होतात. ते एसआयपीत घाला आणि मग दोन्ही रस्ते विसाव्या वर्षाच्या शेवटाला आणून उभे करा. दोन्हीकडे खिशातून जाणारी रक्कम दर महिन्याला तीच, दोन्हीकडे शेवटी कर्ज शून्य. आता तुलना होते.

मी ती केली. कर्जाचा दर ८.५ धरला, परतावा १२ धरला, तर 'सगळी एसआयपी' रस्त्यानं सुमारे २ कोटी ५० लाख, 'आधी कर्ज' रस्त्यानं २ कोटी ११ लाख. फरक ३९ लाखांच्या आसपास. दोन कोटी सव्वीस लाखांचा फरक जो तुम्हाला दिसत होता, तो एवढाच उरला. परतावा १० टक्के धरला तर १ कोटी ९१ लाख आणि १ कोटी ७८ लाख. फरक १३ लाख. ९ टक्के धरला तर १ कोटी ६८ आणि १ कोटी ६४. यातून शेअर फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावरचा साडेबारा टक्के कर काढला की ९ टक्क्यांवर दोन्ही रस्ते जवळपास एकाच ठिकाणी येतात. एसआयपीच्या बाजूला नफा मोठा असतो म्हणून तिथला करही जास्त कापला जातो.

म्हणजे सगळा वाद त्या १२ वर उभा आहे. १२ की १० एवढ्या एका निवडीनं तुमची अंतिम रक्कम ५८ लाखांनी हलते. आणि हे १२ कुणीही ठरवून दिलेले नाहीत. साडेआठ निदान बँकेनं लिहून दिलेत. शिवाय तुमच्या लूपमध्ये ते १२ दर महिन्याला एक-एक टक्का असे शिस्तीत येतात. बाजार तसा येत नाही. जानेवारी २०२० मध्ये १२,४०० च्या आसपास असलेला निफ्टी मार्चमध्ये ७,६०० च्या आसपास आला होता. पुढे तो वर गेला हे खरं, पण त्या मार्चमध्ये ज्याला पैशाची गरज पडली त्याला पुढचं काय उपयोगाचं? प्रोग्राममध्ये एकच आकडा न ठेवता महिन्यांचे खरे परतावे घ्या, वेगवेगळ्या सुरुवातींपासून २०-२० वर्षांच्या खिडक्या चालवा, आणि शेवटी एक उत्तर न छापता सगळ्यात वाईट, मधलं आणि सगळ्यात चांगलं अशी तिन्ही छापा. अण्णांना दाखवायचं असेल तर 'सगळ्यात वाईट' आधी दाखवा.

साडेबारा टक्के करही अचल नाही. ३१ मार्च २०१८ पर्यंत शेअर बाजारात विकलेल्या शेअरवरचा दीर्घकालीन नफा करमुक्त होता. मग वर्षाला १ लाखाच्या वर १० टक्के आले. २३ जुलै २०२४ पासून सव्वा लाखाच्या वर १२.५ टक्के झाले. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडांचा (रोख्यांत गुंतवणाऱ्या) नफा तर सरळ तुमच्या स्लॅबनं कापला जातो. सहा-सात वर्षांत एवढं. पीपीएफ मात्र एप्रिल २०२० पासून ७.१ वर बसलाय, आणि तोही सरकार दर तिमाहीला जाहीर करतं, म्हणजे तोही निर्णयच. वीस वर्षांचा प्रोग्राम लिहिताना आजचा कर २०४५ पर्यंत ताणणं हा अंदाज आहे. अंदाज करायला हरकत नाही, पण प्रोग्राममध्ये त्याचं नाव 'अंदाज' असावं.

एवढ्यात कुठे पोचलो: कर्जाचा खरा दर तुम्हाला अजून माहीत नाही, करसवलत नाही, आणि परतावा ९-१० टक्के धरला तर दोन रस्त्यांत घर पालटून जाईल असा फरक नाही. फरक एवढा कमी असतो तेव्हा मी परताव्याकडे बघणं सोडून देते आणि विचारते, वाईट वेळ आली तर कुठल्या रस्त्यावर श्वास घेता येईल?

इथे अण्णांचं म्हणणं नीट ऐका. नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू या सोलापूरच्या कापड गिरण्यांचे भोंगे ऐकत मोठी झालेली आणि मग ते बंद होताना पाहिलेली ती पिढी. त्यांना चक्रवाढ कळत नाही असं नाही, येणारा पैसा एकदम बंद होऊ शकतो हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि तुमच्या घरात एक गोष्ट आहे जी प्रोग्राममध्ये कुठेच नाही. तुमच्या कंपनीचे ग्राहक बहुधा अमेरिकेतले. अण्णांच्या मागावर विणलेला टॉवेलही थेट नाही तर व्यापाऱ्यामार्फत निर्यातीला जात असेल, सोलापुरी टॉवेलचा मोठा भाग जातोच. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं भारतीय मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांपर्यंत नेलं तेव्हा एमआयडीसीत काय बोलणं चालू होतं ते अण्णांना विचारा. तिकडे मंदी आली किंवा धोरण बदललं, तर तुमचा पगार, अण्णांच्या ऑर्डरी आणि निफ्टी, तिन्ही एकाच वर्षात खाली जाऊ शकतात. मागांचं वीजबिलसुद्धा राज्याच्या वस्त्रोद्योग धोरणातल्या सवलतीवर टेकलेलं असतं. तुमच्या घराचं उत्पन्न दिसतं दोघांचं, पण ते एकमेकांपासून फारसं वेगळं नाही.

म्हणून अण्णांचं बरोबर का? अर्धं. कारण जादा भरणा करून मुदत कमी केली तर पुढच्या महिन्याचा हप्ता कमी होत नाही. चार वर्षं २५,००० भरत राहिलात, कर्ज मोठ्या प्रमाणात फिटलं, आणि पाचव्या वर्षी नोकरी गेली, तर २६,०३५ चा हप्ता ५ तारखेला तसाच दारात उभा. भिंतीत घातलेला पैसा परत काढायचा तर पुन्हा कर्जच मागावं लागतं, आणि नोकरी नसताना ते कोण देणार? त्या दृष्टीनं एसआयपीतला पैसा बरा, निदान तोट्यात का होईना, काढता येतो. जादा भरताना शाखेत 'मुदत तीच ठेवा, हप्ता कमी करा' असं लेखी सांगता येतं. त्यात व्याज कमी वाचतं, पण दरमहाचं ओझं उतरतं. बहुतेकांना हा पर्याय कुणी विचारतच नाही, अर्जावर मुदत कमी करण्याची खूण करून मोकळे होतात.

काही बँका ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज देतात. जादा पैसे त्याच खात्यात ठेवायचे, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, गरज पडली तर काढून घ्यायचे. दर सहसा थोडा चढा असतो. उत्पन्न वरखाली होणाऱ्या घरांना हे बरेचदा सोयीचं पडतं, तुमच्या घराला पडेल असं वाटतं. कर्ज बदलणारच असाल तर हेही विचारा.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? परिस्थितीवर अवलंबून आहे हे सगळं, तरी क्रम सांगते. आधी उतारा आणि दर. मग सहा महिन्यांचा घरखर्च आणि हप्ते एवढी रक्कम मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात, आणि ती होईपर्यंत २५,००० तिकडेच. कर्ज तुमच्या नावावर आहे, तेव्हा निदान कर्जाएवढा टर्म विमा. कंपनीच्या आरोग्य विम्यावर आई-अण्णांना ठेवू नका, नोकरीबरोबर तोही जातो. वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्याच्या हप्त्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झालाय, म्हणजे पूर्वी 'महाग पडतो' म्हणून सोडला असेल तर पुन्हा बघा. यानंतर जे उरेल त्याचे दोन भाग. खरा दर ८.५ च निघाला आणि उतरतच नसेल, तर मोठा भाग कर्जात. ७.२५ च्या आसपास निघाला, तर मोठा भाग एसआयपीत आणि वर्षाकाठी बोनसमधून एक भरणा कर्जात, तोही अण्णांना सोबत नेऊन. त्यांना रात्री झोप लागणं यालाही किंमत आहे, ती प्रोग्राममध्ये नसली तरी.

आता कोडबद्दल, कारण तो भाग मला जास्त आवडतो.

दर आणि स्लॅब कोडमध्ये लिहू नका. वेगळा तक्ता करा: कुठला नियम, किती, कुठल्या तारखेपासून लागू, कुणी ठरवला, कुठल्या कागदावर. हिशेब करताना त्या तारखेला कुठली ओळ लागू होती ती शोधायची. कर्जाच्या बाबतीत याला पर्याय नाही. समजा ३० लाख शिल्लक आहेत आणि ७ एप्रिलपासून दर ८.५० वरून ८.२५ झाला. रोजच्या शिलकीवर व्याज काढणारी संस्था पहिल्या ६ दिवसांचं जुन्या दरानं ४,१९१ रुपये ७८ पैसे आणि उरलेल्या २४ दिवसांचं नव्या दरानं १६,२७३ रुपये ९७ पैसे लावते. बेरीज २०,४६५.७५. तुमचा प्रोग्राम महिन्याला सरळ बारावा भाग काढून २१,२५० म्हणतो. दोन्ही आकडे आपापल्या पद्धतीनं बरोबर. पण बँकेच्या उताऱ्याशी ताळा लागत नाही म्हणून तुम्ही बँकेवर चिडाल, आणि पद्धत मंजुरीपत्रात लिहिलेली असते.

पैसे फ्लोटमध्ये, म्हणजे संगणकाच्या अंदाजे दशांश आकड्यांत, ठेवू नका. ०.१ आणि ०.२ ची बेरीज पायथनमध्ये किती येते ते एकदा छापून बघा. रक्कम रुपयांऐवजी पैशांत करून पूर्णांकात ठेवा किंवा पायथनचा डेसिमल प्रकार वापरा. आणि पायथनचा राउंड अडीचचे दोन करतो, तीन नाही. बँकेतला लेखापाल तीन करतो. शंभर खात्यांवर हा फरक ताळेबंदात दिसतो आणि मग रात्री आठला फोन येतो.

कराच्या भागासाठी चाचण्या कडेच्या आकड्यांवर लिहा. नव्या प्रणालीत करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत कर शून्य. १२,१०,००० ला स्लॅबनं कर ६१,५०० येतो, पण सीमांत सवलतीमुळे तो १०,००० वरच थांबतो, उपकर वेगळा. ही सवलत १२ लाख ७० हजारांच्या थोडं पुढे संपते. १२,००,०००, १२,००,०१०, १२,१०,०००, १२,७०,००० आणि १२,८०,००० या पाच आकड्यांवर तुमचं उत्तर बरोबर आलं तर बाकीचं बहुतेक बरोबर असतं. शेअरच्या दीर्घकालीन नफ्याला ही सवलत लागू नाही, हेही वेगळं तपासा. आणि कोडमध्ये '८०सी', '८७ए' अशी कलमांचीच नावं चलांना दिली असतील तर बदला. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू, त्यात कलमांचे आकडे वेगळे. 'बचतवजावट' हे नाव कुठल्याही अधिनियमात टिकेल.

पॉलिसी कशी वाचायची, तर बातमीतून नाही. बजेटच्या दिवशी भाषण ऐका, पण तक्त्यात भरायचं ते वित्त विधेयकासोबतच्या स्पष्टीकरणात्मक निवेदनातून. 'लागू दिनांक' तिथे स्पष्ट असतो, भाषणात बहुतेक नसतो. पतधोरण समिती साधारण दर दोन महिन्यांनी बसते. तिचं निवेदन वाचताना रेपोच्या आकड्याबरोबर महागाईचा अंदाज बघा, कारण समितीला ४ टक्क्यांचं लक्ष्य दिलंय, वरखाली २ टक्के चालतात. तिचा अंदाज लक्ष्यापासून कुठे सरकतोय त्यावरून पुढचा निर्णय कुठे झुकेल याची थोडी कल्पना येते. थोडीच. त्यावर पैज लावू नका.

कॅल्क्युलेटर खुला करा, जरूर करा. मराठीत असे फारच कमी आहेत, आणि जे आहेत ते बहुतेक काहीतरी विकणाऱ्यांचे. तीन अटी पाळा. नियम कुठल्या तारखेपर्यंतचे आहेत ते पहिल्याच पडद्यावर दिसू द्या. परताव्याच्या जागी आधीपासून १२ भरून ठेवू नका, ती चौकट रिकामी ठेवा, म्हणजे वापरणाऱ्याला स्वतः विचार करून आकडा घालावा लागेल. आणि पगार, कर्जखाते क्रमांक असलं काही सर्व्हरवर पाठवू नका, हिशेब ब्राउझरमध्येच होऊ द्या.

शाखेत जाल तेव्हा चार गोष्टी मागा: आजचा लागू दर, तो कुठल्या मापदंडाला जोडलाय आणि वर किती टक्के आहे, गेल्या दोन वर्षांतल्या दरबदलांच्या तारखा, आणि आजच्या शिलकीवर उरलेल्या हप्त्यांचा तक्ता. नवी पेठेत किंवा होटगी रोडला शाखा असेल तर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जाऊ नका, पेन्शनवाल्यांची गर्दी असते. हे आकडे हाती आले की वरच्या हिशेबात ८.५ च्या जागी घालून पुन्हा चालवा. कर्ज सहकारी बँकेचं निघालं तर मला कळवा, त्यांच्या दरबदलाच्या अर्जात काय लिहायचं ते सांगते.